पंखा ‘डायरेक्ट’ करण्याआधी: रेडिएटरच्या पंख्याला हाताचा स्विच कसा लावावा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, जवळ आला की इंदुरातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनांच्या दुकानांसमोर बॉनेट उघडून गाड्या उभ्या राहू लागतात. राजवाड्याच्या गर्दीत गाडी अडकली की टेम्परेचरचा काटा वर सरकतो. महेश्वरहून परतताना धामनोद सोडून गणपती घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये चढायची वेळ आली, की तो आणखी वर जातो. मग दुकानात ठरलेला प्रश्न येतो: ‘भिया, पंखा डायरेक्ट कर दूँ?’ बहुतेक जण हो म्हणतात. थोड्या वेळात एक वायर इकडची तिकडे जाते, किल्ली फिरवली की पंखा घरघरू लागतो आणि काम झालं असं वाटतं.

कधी कधी खरंच होतं. पण पुष्कळदा मूळ दोष आतच राहतो आणि वर एक नवा दोष जोडला जातो: फ्यूज नसलेली, पीळ देऊन टेप गुंडाळलेली वायर, तीही इंजिनाच्या शेजारी. हाताने पंखा चालू करण्याची सोय वाईट नाही, जुन्या गाडीत ती फार उपयोगी आहे. ती नीट करायला सामानही थोडंच लागतं. फक्त ती कशासाठी आहे आणि कशी जोडायची, हे मालकाला कळायला हवं.

पंखा मुळात कधी लागतो

इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, पंप फिरवत असतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवते. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ती उघडू लागते आणि गरम कूलंट रेडिएटरमध्ये जातं. गाडी ५०-६० च्या वेगाने पळत असेल तर समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करायला पुरतो, पंख्याची गरज पडत नाही. सिग्नलला, गर्दीत किंवा चढावर गाडी रांगू लागली की वारा थांबतो, कूलंट ९२ ते ९८ अंशांच्या आसपास पोचतं आणि तेव्हा पंखा चालू होतो. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं की तो आपोआप बंद होतो. एसी लावला की बहुतेक गाड्यांत तो वेगळ्या कारणाने चालतो, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो आणि त्यालाही हवा लागते.

यातून निदानाचा पहिला धागा मिळतो. गाडी हळू चालताना तापते आणि वेग घेतला की उतरते, तर संशय पंख्यावर. देवास रस्त्यावर ऐंशीच्या वेगानेही तापते, तर पंखा निर्दोष आहे. तिथे चोंदलेला रेडिएटर, कमी कूलंट, अर्धवट अडकलेला थर्मोस्टॅट, निकामी रेडिएटर कॅप, झिजलेला पंप किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील) बघावं लागेल. अशा गाडीत पंखा डायरेक्ट करणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे.

आधी पंखा का चालत नाही ते शोधा

पंखा चालवणारी साखळी छोटी आहे: फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच), तापमान ओळखणारा भाग, मोटर आणि अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परतणारी जोडणी. प्रत्येक कडी तपासायला काही मिनिटं लागतात.

इंजिन गार असताना मोटरचा सॉकेट काढा आणि मोटरला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरने थेट वीज द्या. प्लस-मायनस गाडीच्या मूळ वायरिंगप्रमाणेच ठेवा. मोटर फिरलीच नाही, किंवा पात्याला काडीने ढोसल्यावर फिरली, तर तिचे कार्बन ब्रश संपले आहेत. मग कितीही स्विच लावले तरी उपयोग नाही, मोटर बदला. मोटर जोमाने फिरत असेल तर फ्यूज बघा. नंतर पंख्याच्या रिलेच्या जागी त्याच जातीचा, म्हणजे त्याच पिनांचा आणि त्याच क्षमतेचा हॉर्नचा रिले लावून बघा. जुन्या गाडीत रेडिएटरवर किंवा इंजिनावर दोन वायरींचा थर्मो-स्विच असतो. इग्निशन चालू ठेवून त्याच्या सॉकेटमधल्या दोन टोकांना तारेने जोडलं आणि पंखा फिरला, तर स्विच खराब. तो नवा बसवला की काम संपतं. तरीही हाताची सोय जादा म्हणून ठेवता येते, पण खराब भागाऐवजी नव्हे.

हा प्रयोग ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेन्सरवर करू नका. तो सेन्सर स्विच नाही. तो तापमानाप्रमाणे बदलणारा रोध कळवतो आणि त्याचा अर्थ ईसीयू लावतो. अशा अनेक गाड्यांत सेन्सरचा सॉकेट काढला की ईसीयू खबरदारी म्हणून पंखा आपणहून चालू करतो. एवढ्यानेच पंखा, रिले आणि फ्यूज ठीक असल्याचं कळतं. काम झालं की सॉकेट परत लावा. नोंदलेला दोष स्कॅनरने पुसून टाकता येतो.

आणि या चाचण्या सोडून, वायरी जोडायला बॉनेटखाली हात घालण्याआधी बॅटरीची मायनस केबल सोडा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो, आणि त्याला बोटं ओळखता येत नाहीत.

स्विचने पंखा फक्त चालू व्हावा, बंद होऊ नये

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. खोलीला शेजारी-शेजारी दोन दारं असली तर कोणतंही एक उघडलं तरी आत जाता येतं. तीच दारं एकामागे एक असली तर दोन्ही उघडावी लागतात. हाताचा स्विच गाडीच्या मूळ स्वयंचलित व्यवस्थेच्या शेजारचं दार असायला हवा. स्विच बंद असला तरी गाडी स्वतः पंखा चालवेल, आणि गाडी चुकली तर तुम्ही चालवाल. याला समांतर जोडणी म्हणतात.

काही जण ‘ऑटो, बंद, चालू’ असा तीन ठिकाणांचा स्विच मागतात. पाण्यातून जाताना पंखा बंद करता यावा, असं कारण सांगतात. इंदुरात पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचतं हे खरं, पण ‘बंद’वर राहिलेला स्विच पुढच्या गर्दीत कोणाच्याही लक्षात येत नाही. मुलाने गाडी नेली, ड्रायव्हर बदलला, की संपलं. काटा लाल पट्टीत जाऊन हेड वाकडं होण्याचा खर्च कुठे आणि एका स्विचची हौस कुठे! ‘बंद’ची जागा ठेवूच नका.

रिले कशाला? सरळ स्विचमधून वायर नेली तर?

रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. त्याच्या आत एक गुंडाळी असते. तिच्यातून जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर गेले की ती चुंबक होते आणि आतले जाड संपर्क मिटवते. पंख्याचा मोठा प्रवाह या संपर्कांतून जातो, डॅशबोर्डवर फक्त गुंडाळीची बारीक वायर येते.

लहान हॅचबॅकचा पंखा साधारण ८ ते १२ अँपिअर घेतो, मोठ्या गाडीचा १५ ते २५. सुरू होताना क्षणभर याच्या दुप्पट-तिप्पट. हा प्रवाह डॅशबोर्डपर्यंत नेऊन परत आणायचा तर वायर सहज ५ मीटर होते. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम. म्हणजे १२ अँपिअरला ५ मीटरमध्ये एक व्होल्टहून थोडं जास्त गळतं, पंखा मंदावतो आणि ती ऊर्जा वायरीत उष्णता होऊन बसते. रिले पुढेच लावून २.५ चौरस मिलिमीटरची २ मीटर वायर वापरली, तर गळती ०.१७ व्होल्टच्या आसपास राहते.

शिवाय घरातल्या बोर्डावरचा ६ अँपिअरचा स्विच गाडीत लावण्याची सवय घातक आहे. घरचा एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. गाडीच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या, प्रवाहाला असा विसावा नाही. ठिणगी रेंगाळते आणि संपर्क जळतात किंवा एकमेकांना चिकटतात.

प्रत्यक्ष जोडणी

सामान असं: १२ व्होल्ट, ३०/४० अँपिअरचा चार पिनांचा रिले आणि त्याचा सॉकेट, झाकणाचा फ्यूज होल्डर, २.५ चौरस मिलिमीटरची मोटारीची वायर (पंखा २० अँपिअरच्या वर घेत असेल तर ४), ०.७५ ची बारीक वायर, साधा ऑन-ऑफ रॉकर स्विच, १२ व्होल्टचा एलईडी दिवा, क्रिम्पचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे), हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) आणि जाळीची काळी नळी. वायर खरी तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही बाजारात मिळते. टोक सुरीने खरवडलं की आत पांढरं दिसतं. ती परत करा.

पंखा नक्की किती अँपिअर घेतो ते डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने बघा. फ्यूज त्याच्या सुमारे दीडपट: १२ अँपिअरच्या पंख्याला २० चा, म्हणजे पिवळा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, पंखा वाचवण्यासाठी नाही. म्हणून २.५ च्या वायरीवर ३० चा हिरवा फ्यूज बसवू नका. ‘सारखा उडतो’ म्हणून मोठा घालणं हा तर आगीला सरळ रस्ता.

जाड वायर बॅटरीच्या प्लसपासून निघते. पहिल्या १५-२० सेंटिमीटरच्या आत फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ नंबरच्या पिनेतून निघालेली वायर पंख्याच्या मोटरकडे जाणाऱ्या मूळ प्लस वायरीला जोडायची. मूळ वायर कापायची नाही. तिचं आवरण सेंटिमीटरभर सोलून नवी वायर तिच्यावर गुंडाळा, डाग द्या, म्हणजे सोल्डर करा, आणि हीट-श्रिंकने बंद करा. (नळी सरकवायची तर मोटरच्या सॉकेटमधून ती पिन काढावी लागते. ते जमत नसेल तर आतून गोंद असलेली, गुंडाळायची टेप चालते. साध्या काळ्या टेपचा गोंद मे महिन्यात वितळून वाहतो.)

आता बारीक वायरी. ८६ ला किल्ली चालू असतानाच वीज येईल अशा ठिकाणाहून, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून प्लस द्या. फ्यूज-टॅप नावाचा तुकडा मिळतो, तो वायपर किंवा चार्जिंग सॉकेटच्या जागी बसतो. एअरबॅग, एबीएस आणि ईसीयूच्या फ्यूजला हात लावू नका. ८५ ची वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, रबरी बुचातून आत नेऊन स्विचला, आणि स्विचचं दुसरं टोक बॉडी अर्थला.

स्विच अर्थच्या बाजूला ठेवण्याला कारण आहे. पुढेमागे ही वायर घासून बॉडीला टेकली तर फार तर पंखा चालू राहील. प्लसची वायर टेकली असती तर शॉर्ट झाला असता.

गुंडाळी बंद होताना तिच्यातून क्षणभर शंभर व्होल्टच्या वरचा उलटा झटका निघू शकतो आणि शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देतो. आत डायोड असलेला रिले मिळाला तर तोच घ्या. नाही तर ८५ आणि ८६ च्या मध्ये वन-एन-४००७ डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) लावा, पांढरा पट्टा ८६ कडे. उलटा लागला तर स्विच दाबताच ५ चा फ्यूज उडेल. पाच पिनांचा रिले हाती आला तर ८७ए ही पिन रिकामी ठेवा. चुकून तिच्यावर वायर लागली, तर स्विच बंद असताना पंखा चालतो.

दिवा स्विचवर नव्हे, ८७ च्या वायरीवर घ्या, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज घालून. मग तो ‘स्विच दाबलाय’ एवढंच सांगत नाही, तर पंख्याला वीज पोचली हे सांगतो. गाडीने स्वतः पंखा चालवला तरी तो लागेल, म्हणजे मूळ व्यवस्था जिवंत आहे का हेही रोज दिसेल. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी भाग हा दिवाच. हायवेवर तो मंद लुकलुकला तर घाबरू नका: वाऱ्याने फिरणारी मोटर थोडी वीज तयार करते.

रिले बॅटरीजवळ कोरड्या जागी, पिना खाली करून बसवा म्हणजे धुताना पाणी आत साचत नाही. वायरी एक्झॉस्टपासून हातभर दूर, पंखा आणि पट्ट्यापासून बांधून. सीएनजीच्या गाडीत गॅसच्या नळ्यांना त्या बांधू नका.

माझ्या गाडीत मोटरला सतत प्लस आहे, ते कसं?

काही जुन्या गाड्यांत मोटरचं प्लस टोक किल्लीबरोबर जिवंत असतं आणि थर्मो-स्विच अर्थ जोडतो. पंखा बंद असताना मोटरच्या दोन्ही वायरींवर टेस्ट लॅम्प पेटला तर ही जात समजा. इथे वरच्यासारखं ८७ वरून प्लस देऊन पंखा चालणार नाही. रिलेच्या ३० ला जाड वायरीने बॉडी अर्थ द्या आणि ८७ मोटर व थर्मो-स्विचच्या मधल्या वायरीला जोडा. बॅटरीवरून वेगळी जाड वायर लागत नाही, मूळ फ्यूजच काम करतो. गुंडाळीची जोडणी तीच. दिव्याचं प्लस किल्लीच्या विजेवर आणि मायनस त्या मधल्या वायरीवर.

नव्या गाडीत हे करावं का?

वॉरंटी असेल तर नाही. वायरिंग कापल्याचं दिसलं तर वॉरंटीचा वाद उभा राहतो. दोन वेगांचा पंखा असेल तर त्या गाडीचा वायरिंग नकाशा हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका. पंख्याजवळ इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल, म्हणजे दोन जाड वायरींबरोबर बारीक सिग्नलची वायर जात असेल, तर तो पंखा हळूहळू वेग बदलणारा आहे. त्याला बाहेरून १२ व्होल्ट ढकलले तर मॉड्यूल जाऊ शकतं.

मूळ रिलेच्या गुंडाळीची ईसीयूकडे जाणारी वायर स्विचने अर्थ करण्याची युक्ती सांगणारे भेटतात. पंखा चालतो, पण ईसीयू त्या वायरीवर लक्ष ठेवून असतो आणि पी-०४८० सारखा दोष नोंदवून इंजिनाचा दिवा लावू शकतो. म्हणून स्वतंत्र रिले.

पंखा सतत चालला तर इंजिन गार पडणार नाही का?

थर्मोस्टॅट शाबूत असेल तर नाही. कूलंट गार होऊ लागलं की तो रेडिएटरची वाट आवळतो आणि इंजिन आपल्या तापमानावर राहतं. पण गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे पसरलेली आहे. अशा गाडीत डिसेंबरच्या सकाळी इंजिन गरम व्हायला खूप वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिनाची झीज वाढते. तुमच्या गाडीत तो आहे का, हे आधी विचारून घ्या. नसेल तर पंख्याच्या आधी तो बसवा.

सतत चालणाऱ्या पंख्याचं खरं नुकसान मोटरला होतं: ब्रश लवकर झिजतात. डायनॅमोवर १२ अँपिअरचा, म्हणजे दीडशे वॅटच्या वरचा भार कायम राहतो. हीच ‘डायरेक्ट’ची अडचण. आणि बॅटरीवरून थेट, किल्लीशिवाय चालणारी जोडणी केली तर ४५ अँपिअर-तासाची बॅटरी तीन-चार तासांत बसते.

काटाच नसेल तर स्विच कधी दाबायचा?

आक्षेप रास्त आहे. पुष्कळ नव्या लहान गाड्यांत फक्त निळा आणि लाल दिवा असतो. काटा असला तरी अनेक गाड्यांत तो ८० ते १०५ अंशांपर्यंत मध्यावरच ठेवलेला असतो. हलला तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी सॉकेटला, म्हणजे जिथे स्कॅनर जोडतात त्या सॉकेटला, लागणारा छोटा रीडर मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत दाखवतो. १०० च्या वर जातंय आणि ८७ वरचा दिवा लागलेला नाही, तेव्हा स्विच दाबा. ज्या जुन्या गाडीत हा सॉकेट नाही तिथे खऱ्या अंशांचा काटा जादा बसवणं स्विचइतकंच गरजेचं.

जोडून झाल्यावर

इंजिन बंद, किल्ली चालू, स्विच दाबा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर गाडीच्या पुढे धरलेला कागद जाळीला चिकटला पाहिजे. फडफडून दूर गेला तर प्लस-मायनस उलटे लागले आहेत. डीसी मोटर उलटी फिरते आणि गाडी धावताना येणाऱ्या वाऱ्यालाच विरोध करते.

मग इंजिन चालू करून मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं मोटरच्या प्लसवर ठेवा. पंखा चालू असताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर कुठेतरी लग ढिला आहे. हेच मायनसच्या बाजूनेही बघा. तिथे बहुधा अर्थचा बोल्ट रंगावर बसवलेला सापडतो. रंग खरवडून पत्रा उघडा करा, बोल्ट आवळा, वर ग्रीस लावा. दहा मिनिटांनी फ्यूज होल्डर आणि रिलेला हात लावा: कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

शेवटी स्विच बंद ठेवून इंजिन चालू राहू द्या, गाडी आपणहून पंखा लावते की नाही ते बघा. ही तपासणी टाळली तर मूळ व्यवस्था मेलेली असूनही कळणार नाही.

आणि घाटातच पंखा बंद पडला तर

एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा, काचा उघडा. हीटरच्या आत छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनाची बरीच उष्णता केबिनमध्ये ओढतो. काटा तरीही लाल पट्टीकडे गेला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. रेडिएटरची कॅप उघडू नका: दाबाखाली असल्यामुळे कूलंट १२० अंशांनाही उकळत नाही, पण कॅप सैल होताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताला सहन होईल इतका गार झाला की कॅप फडक्याने धरून, सावकाश उघडा. टाकीत थंड पाणी घालायचं तर त्यानंतरच, आणि थोडं थोडं.